उतारवयातला निद्रानाश: आधी अंथरुणातला वेळ कमी करा

साठी-सत्तरी उलटलेल्या माणसाला झोप येईनाशी झाली की घरात सल्ल्यांचा पाऊस पडतो. कोणी दुधात जायफळ उगाळून देतं, कोणी हातातला मोबाईल काढून घेतं, कोणी म्हणतं, “आई, आज जरा लवकर आडवी हो बघू.” यातला शेवटचा सल्ला सगळ्यात मायेने दिला जातो आणि नुकसानही सगळ्यात जास्त तोच करतो. ज्याला जेमतेम साडेपाच तास झोप लागते त्याला नऊ तास अंथरुणात ठेवलं, तर उरलेले साडेतीन तास तो कूस बदलण्यात आणि घड्याळ बघण्यात घालवणार. असे काही महिने गेले की नुसता पलंग दिसला तरी डोळे टक्क उघडे राहतात.

म्हणून इथे उलट्या वाटेने जायचं आहे. झोप सुधारायची तर आधी अंथरुणातला वेळ कमी करायचा. ऐकायला विचित्र वाटेल, पण निद्रानाशासाठीच्या सीबीटीचा, म्हणजे विचार आणि सवयी बदलणाऱ्या मानसोपचाराचा, हाच कणा आहे. रिचर्ड बूटझिन आणि आर्थर स्पीलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1970 आणि 1980 च्या दशकांत त्याची मांडणी केली. 2016 मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या डॉक्टरांच्या संघटनेने जुनाट निद्रानाशावर पहिला उपाय म्हणून हाच सुचवला, गोळीच्या आधी.

आधी ठरवा, हा निद्रानाश आहे का

वय वाढतं तशी गाढ झोप कमी होते, रात्री जाग जास्त वेळा येते, आणि शरीराचं घड्याळ पुढे सरकल्यामुळे संध्याकाळी लवकर पेंग येऊन पहाटे लवकर डोळे उघडतात. हे वयाचं आहे, आजार नव्हे. पासष्टीनंतर साधारण सात-आठ तास झोप चांगली असं मानतात, पण पाच-सहा तासांत दिवसभर ताजंतवानं राहणारी माणसंही असतात. त्यांनी हा लेख इथेच सोडला तरी चालेल.

झोप लागत नाही, मध्येच मोडते किंवा पहाटे फार लवकर उडते, असं आठवड्यातून किमान तीन रात्री आणि तीन महिन्यांहून जास्त काळ चाललं असेल, शिवाय दिवसा थकवा, चिडचिड, विसराळूपणा जाणवत असेल, तर तो जुनाट निद्रानाश.

पहिली पायरी: औषधांचा डबा उघडा

कुठल्याही उपायाआधी घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून नेहमीच्या डॉक्टरांसमोर ठेवा. सूज किंवा बीपीसाठीची लघवीची गोळी संध्याकाळी घेतली जात असेल तर रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या होणारच. स्टेरॉइडच्या गोळ्या, थिओफायलिन असलेली दम्याची औषधं, नैराश्यावरच्या काही गोळ्या झोप उडवतात. पुष्कळदा नुसती वेळ बदलून काम भागतं. ती मात्र डॉक्टरांनी बदलायची, आपण नाही.

घरच्यांनी काय पाहिलंय तेही सांगा. घोरता घोरता श्वास अडकतो आणि मग दचकून जाग येते, असं असेल तर स्लीप अ‍ॅप्निया असू शकतो. त्यासाठी स्लीप स्टडी, म्हणजे झोपेतला श्वास मोजणारी तपासणी, करावी लागते, आणि अशा माणसाला झोपेची गोळी घातक ठरू शकते. संध्याकाळी पडलं की पाय चळवळतात, उठून चाललं की बरं वाटतं, अशी तक्रार असेल तर रक्तातलं फेरिटिन तपासून घ्या, कारण लोह कमी असण्याशी त्याचा संबंध असतो. आणि झोपेत लाथा मारणं, ओरडणं, स्वप्नातल्या कुणाशी तरी हातघाईवर येणं हे ‘बाबांची जुनी सवय’ म्हणून सोडून देऊ नका. ते न्यूरॉलॉजिस्टला दाखवायचं लक्षण आहे. पार्किन्सन्सच्या कितीतरी वर्षं आधी ते दिसू शकतं.

रात्री तीन-चारदा लघवीला उठावं लागत असेल तर साखर आणि प्रोस्टेट, दोन्ही तपासा. दिवसभर पायांवर उतरलेली सूज रात्री आडवं झाल्यावर लघवीवाटे बाहेर पडते. ज्यांच्या पायांना सूज येते त्यांनी दुपारनंतर तासभर पाय उशीवर उंच ठेवून पडावं. पडावं म्हणजे पेपर वाचत पडावं, झोपू नये.

दुसरी पायरी: झोपेची वही

एक वही घ्या आणि दोन आठवडे रोज सकाळी चहाबरोबर कालची रात्र लिहून काढा. दिवे कधी मालवले, झोप अंदाजे कधी लागली, मध्ये किती वेळ जाग होती, शेवटचे डोळे कधी उघडले, अंथरूण कधी सोडलं. शिवाय दुपारची झोप, चहा-कॉफी, गोळी. रात्री घड्याळ बघून लिहायचं नाही. सकाळचा अंदाज पुरतो. खरं तर झोपायच्या खोलीतलं घड्याळ भिंतीकडे तोंड करूनच ठेवा.

एक नमुन्याचं पान बघा: “मंगळवार. दिवे 9.40. झोप 11 च्या सुमारास. 1.30 ला बाथरूम, मग अर्धा तास जागी. 3.30 ला जाग, बराच वेळ पडून. 4.45 ला डोळा लागला, 6 ला दूधवाल्याची बेल. उठले 6.15. दुपारी जेवून 1.45 ते 3. चहा 4 ला, पुन्हा 6.30 ला पाहुणे आले म्हणून.”

आता हिशेब करा. अंथरुणात आठ तास पस्तीस मिनिटं. त्यातली झोप अडीच, दीड आणि सव्वा, म्हणजे सव्वापाच तास. शंभरातले जेमतेम एकसष्ट टक्के. पण दुपारचा सव्वा तास धरला तर चोवीस तासांत साडेसहा तास झोप झाली. ही बाई सकाळी सुनेला सांगणार, “रात्रभर डोळ्याला डोळा नाही.” तिला तसं खरोखरच वाटलेलं असतं, कारण जागेपणाचा प्रत्येक मिनिट लक्षात राहतो आणि झोपेचा एकही नाही. वहीचा पहिला फायदा हाच की झोप वाटते त्याहून जास्त होते आहे हे कागदावर दिसतं. तेवढ्यानेच काहींची धास्ती निम्मी होते.

तिसरी पायरी: वेळ आखून घ्या

सगळ्यात कठीण आणि सगळ्यात गुणकारी पायरी ही.

दोन आठवड्यांची सरासरी काढा. रात्रीची झोप सव्वापाच तास असेल तर त्यात अर्धा तास मिळवा. झाले पावणेसहा. अंथरुणाला पाठ टेकायची ती फक्त एवढाच वेळ. उठायची वेळ आधी पक्की करायची, समजा सहा. मग अंथरुणात जायचं सव्वाबाराला. रात्र कशीही गेली, रविवार असो की दिवाळी, उठायचं सहालाच. आकडा कितीही लहान आला तरी साडेपाच तासांच्या खाली जायचं नाही.

नंतर दर आठवड्याला वही बघायची. अंथरुणातल्या वेळापैकी पंच्याऐंशी टक्के झोप होत असेल तर झोपायची वेळ पंधरा मिनिटं अलीकडे घ्यायची, म्हणजे बारा. पुढच्या आठवड्यात पावणेबारा. उतारवयात ऐंशी टक्के झाले तरी पुरे. तेवढेही नसतील तर आहे तिथेच थांबायचं. असं करत ज्या ठिकाणी दिवस बरा जातो तिथे स्थिर व्हायचं.

पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना, तोल जाणाऱ्यांना आणि एकट्या राहणाऱ्यांना मी हा धक्का एकदम द्यायला सांगणार नाही. त्यांनी साडेनऊ-दहावरून दर आठवड्याला अर्धा तास उशीर करत जावं. गाडी सावकाश चालते, पण पोचते. फिट्स येणारे, बायपोलर आजार असलेले, झोपेत चालणारे आणि अ‍ॅप्नियावर उपचार न घेतलेले यांनी डॉक्टरांशिवाय ही पायरी चढू नये. पहिले दोन आठवडे दिवसा पेंग येतेच. त्या काळात स्कूटर आणि गाडीला हात लावू नका.

खरी अडचण वेगळीच असते. रात्री दहा ते बारा करायचं काय? दोन खोल्यांचं घर, मुलाला सकाळी ऑफिस, नातवाची शाळा, सगळे दिवे बंद. टीव्हीसमोर सोफ्यावर बसलं की मालिका संपायच्या आत मान कलते, आणि ती अर्ध्या तासाची डुलकी रात्रीच्या झोपेतूनच वळती होते. म्हणून हाताला काम देणारं काहीतरी निवडा: उद्याचा लसूण सोलणं, शेंगा निवडणं, वाती वळणं, कपड्यांच्या घड्या, शब्दकोडं, जुन्या फोटोंच्या मागे नावं लिहिणं. फारच पेंग आली तर उभं राहून करायचं काम घ्या. घरच्यांनाही आधी सांगून ठेवा, नाहीतर साडेदहाला कोणीतरी प्रेमाने हात धरून झोपायला नेईल.

चौथी पायरी: जाग आली तर पलंग सोडा

वीसेक मिनिटं झाली आणि झोप येत नाहीये असं वाटलं की उठायचं. मिनिटं मोजायची नाहीत. वैताग सुरू झाला, हीच खूण. दुसऱ्या खोलीत, मंद दिव्यात, आधीच मांडून ठेवलेल्या खुर्चीत बसायचं. काहीतरी निरुपद्रवी वाचायचं, रेडिओ बारीक लावायचा. जप करणाऱ्यांनी खुशाल जप करावा, फक्त प्रत्येक माळेनंतर ‘अजून झोप कशी नाही’ हे तपासत बसू नये. डोळे जड झाले की परत यायचं. पलंग आणि जागरण यांची मेंदूत बसलेली जोडी तोडायची आहे.

तरुणांना हा नियम इथेच संपतो, पण सत्तरीत अंधारात उठणं म्हणजे पडण्याचा धोका. उठताना आधी कडेला बसा, एक मिनिट थांबा, मग उभे राहा. बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना एकदम उठल्यावर भोवळ येते. वाटेत छोटा नाइट लॅम्प हवा, पायपुसणी आणि लोळत्या वायरी नकोत. खाली गादी घालून झोपणाऱ्यांनी आधाराला जड खुर्ची जवळ ठेवावी. गुडघ्यांमुळे उठणंच होत नसेल तर उशा लावून टेकून बसा आणि काहीतरी ऐका. तेही चालतं.

दिवसाचं काय

वामकुक्षी बंद करा असं म्हटलं तर कोणी ऐकणार नाही, आणि म्हणायची गरजही नाही. तीनच्या आत, गजर लावून, वीस ते तीस मिनिटं. कॅफिनचा निम्मा अंश शरीरातून जायला पाचेक तास लागतात, म्हणून साडेसहाचा चहा रात्री अकरालाही अंगात असतो. चारचा चहा सुटत नसेल तर अर्धा कप घ्या. पाहुण्यांबरोबरचा मात्र सोडा.

उन्हाचा सरसकट सल्ला इथे चुकतो. ज्यांना रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही त्यांनी सकाळच्या उजेडात फिरावं. पण ज्यांना आठलाच पेंग येते आणि तीनला डोळे उघडतात, त्यांनी पाच ते साडेसहा हा संध्याकाळचा उजेड घ्यावा, म्हणजे घड्याळ थोडं मागे सरकतं. उतारवयात डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, मोतीबिंदू असतो, त्यामुळे आत शिरणारा उजेड कमी होतो. खिडकीशी बसून भागत नाही, बाहेर पडायला हवं.

रात्री डोक्यात घोळणारे विषय, मग ते बँकेचं काम असो की भावकीतली कुरबुर, संध्याकाळी सहाच्या सुमारास कागदावर उतरवा आणि प्रत्येकापुढे पुढची एक कृती लिहा. विषय संपत नाहीत, पण रात्री दोनला डोकं वर काढणं कमी होतं. पहाटे लवकर जाग, त्याबरोबर उदासी, जेवणावरची वासना उडणं, जगण्यात रस नसणं असं दिसलं तर ते निव्वळ झोपेचं दुखणं नाही. मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. सरकारच्या टेलि-मानस हेल्पलाइनवर, 14416 या नंबरवर, मराठीतही बोलता येतं.

गोळ्या, जायफळ वगैरे

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम, झोल्पिडेम या गोळ्या वृद्धांना शक्यतो देऊ नयेत, असं अमेरिकन जेरियाट्रिक्स सोसायटीचे बिअर्स निकष, म्हणजे वृद्धांनी टाळायच्या औषधांची यादी, सांगतात. कारण त्यांनी पडणं, हाड मोडणं आणि गोंधळ उडणं वाढतं. पण वर्षानुवर्षं चालू असलेली गोळी हा लेख वाचून आज रात्री बंद करू नका. एकदम तोडल्यास झोप आणखी उडते, हातपाय थरथरतात, क्वचित फिट येते. डॉक्टर आठवडे-महिने घेऊन ती थोडी थोडी उतरवतात. सर्दीच्या जुन्या गोळ्यांनी पेंग येते म्हणून त्या झोपेसाठी घेणंही नको. त्यांनी बद्धकोष्ठ होतं, प्रोस्टेटवाल्यांची लघवी अडते.

जायफळ चिमूटभर ठीक, जास्त झालं तर विषारी. अश्वगंधा थायरॉईडच्या आणि झोपेच्या औषधांशी भांडू शकते, म्हणून डॉक्टरांना सांगूनच. तळपायांना काशाच्या वाटीने तेल चोळणं सुखाचं आहे, जरूर करा. फक्त उठण्याआधी तळवे कोरडे पुसा, नाहीतर फरशीवरून घसराल.

हे सगळं बसायला सहा ते आठ आठवडे धरा. पहिल्या दोनांत उलट जास्त वाईट वाटतं आणि पुष्कळ जण तिथेच सोडून देतात. घडी बसल्यानंतरही लग्नकार्य, हॉस्पिटल किंवा घरातलं एखादं मरण यांनी झोप पुन्हा विस्कटेल. त्या दिवसांत लवकर आडवं होऊन भरपाई करायला जाऊ नका. आठवडाभर वही लिहा आणि तिसऱ्या पायरीपासून पुन्हा सुरू करा.