जुनी गाडी घेताना कंपनीचं गोत्र विचारा

रत्नागिरीत गॅरेज चालवतो, म्हणून सांगतो. जुनी गाडी बघायला गेलात की आधी खाली वाका. खाऱ्या वाऱ्यानं पत्रा कुठं पोखरलाय, ते मडगार्डच्या आतून आणि सायलेन्सरपाशी कळतं. मग कंपनीचं गोत्र विचारा, म्हणजे ती कुणाची आणि तिचं सामान कुठं मिळतं ते.

फियाटची पुंटो स्वस्तात मिळते, पण गिऱ्हाईक घाबरतं. घाबरू नका. तिचं १.३ डिझेल इंजिन मारुतीच्या स्विफ्टमध्येही होतं, त्यामुळे इंजिनाचं बरंच सामान मिळतं. पार्ट नंबर मात्र जुळवूनच घ्या. खरं अडतं ते दिवे, बंपर आणि काचांवर. त्यांची चौकशी पैसे देण्याआधी करा. फियाट-क्रायस्लर आणि प्यूजोचा गट २०२१ मध्ये एक होऊन स्टेलांटिस झाला, हेही सामान शोधताना लक्षात असू द्या.

शेवरोलेचं वेगळं. ती जनरल मोटर्सची गाडी. २००९ मध्ये अमेरिकी सरकारच्या पैशानं जनरल मोटर्स तगली, तरी २०१७ अखेर तिनं भारतातली विक्री थांबवली. सरकार कंपनी वाचवतं. तुमच्या गाडीचा बंपर तुम्हालाच शोधावा लागतो.

नवी इलेक्ट्रिक घेणार असाल तर जीएसटी ५ टक्के आहे. केंद्र सरकारच्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेचं अनुदान मात्र खासगी कारला नाही. विक्रेता मिळेल म्हणाला, तर आधी कागद मागा.