एअर शोला कॅमेरा घेऊन जाताय? या चुका टाळा

एअर शोवरून परतल्यावर फोटो बघताना पहिली तक्रार ठरलेली असते: लेन्स कमी पडली. कधीकधी ती खरीही असते. पण शटर स्पीड, म्हणजे शटर किती वेळ उघडं राहतं ते, चुकल्यामुळे, उन्हाचा अंदाज न घेता उभं राहिल्यामुळे आणि आयोजकांचे नियम न वाचल्यामुळे वाया जाणारे फोटो त्याहून कितीतरी जास्त असतात. या तिन्हींवर एक पैसाही खर्च होत नाही, म्हणूनच बहुधा त्यांच्याकडे कुणी बघत नाही.

सामान गेटवरच अडकतं

‘काय आणू नये’ ही यादी बॅग भरायच्या आधी वाचायची असते, तपासणीच्या रांगेत नव्हे. लष्करी हवाईतळावर शो असेल तर नियम आणखी कडक असतात. मोठ्या सॅकला बंदी असू शकते, कधी फक्त पारदर्शक पिशवीच चालते, आणि कॅमेऱ्याची बॅग चालत असली तरी कप्पा न् कप्पा उघडून दाखवावा लागतो. घडीची शिडी, ट्रायपॉड, हार्ड केस यांचा भरवसा धरू नका. मागच्या वर्षी सोडलं होतं, हे कारण कुणी ऐकून घेत नाही. नियम दरवर्षी नव्याने निघतात. गेटवर काही अडवलंच तर ते गाडीत ठेवून परत यायला वेळ हवा, तेवढ्या लवकर पोहोचा.

माझं मत विचाराल तर ट्रायपॉड नेऊच नये. डोक्यावरून जाणाऱ्या जेटमागे तो वळत नाही आणि गर्दीत लोक त्याला अडखळतात. जड लेन्सला मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड, पुरतो, तोही परवानगी असेल तर. ड्रोन मात्र घरीच ठेवा. शोच्या वेळी तिथली हवाई हद्द बंद केलेली असते आणि एका ड्रोनपायी सगळी उड्डाणं थांबू शकतात.

तिकीट काढलं म्हणजे सगळ्याचे फोटो काढायची मुभा मिळाली, असं समजणं

नोव्हेंबर २००१ मध्ये ग्रीसमधल्या कालामाता हवाईतळावर ओपन डे असताना विमानांचे १४ शौकीन पकडले गेले. त्यांत १२ ब्रिटिश होते आणि २ डच. विमानांचे क्रमांक टिपून ठेवायचा त्यांचा छंद, पण आरोप लागला हेरगिरीचा. एप्रिल २००२ मध्ये त्यांना शिक्षाही झाली. अपिलात ते सुटले, पण तोवर वर्ष होत आलं होतं. इतकं टोकाचं क्वचितच घडतं. तरी लष्करी तळाचा दरवाजा लोकांसाठी उघडला म्हणून तिथले कायदे रजेवर जात नाहीत, हे लक्षात असलेलं बरं. धावपट्टीवरची विमानं टिपायला सहसा कुणाची हरकत नसते. हँगर, रडार, पहारेकरी, तपासणी नाका यांच्याकडे कॅमेरा वळवायच्या आधी विचारा.

जमिनीवर मांडलेल्या विमानांचंही तेच. एखाद्या लढाऊ विमानाची कॉकपिट किंवा इंजिनाची मागची बाजू टिपायला मनाई असू शकते, आणि तशी पाटी नेहमी असतेच असं नाही. पहारेकऱ्याने हटकलं तर कॅमेरा खाली घ्या आणि ‘कुठून काढलेला चालेल?’ असं विचारा. बहुतेक वेळा तो स्वतःच जागा दाखवतो. तिथे हक्काची भाषा सुरू केली की हात दाखवून अवलक्षण.

प्रेस पासबद्दलही गैरसमज फार. तो शोच्या दिवशी खिडकीवर मिळत नाही, आधी अर्ज करावा लागतो. मिळाला तरी धावपट्टीजवळ मोकाट फिरता येत नाही. सोबत आयोजकांचा माणूस असतो. तिथे जायची वेळ आली तर लेन्सची टोपी, सुटी बॅटरी, हॅट असं काहीही पडू देऊ नका. जेट इंजिन जमिनीवरची वस्तू आत ओढतं. जुलै २००० मध्ये पॅरिसजवळ कोसळलेल्या काँकॉर्ड या प्रवासी जेटचा टायर धावपट्टीवर पडलेल्या धातूच्या एका पट्टीने फाटला होता. खिशाला चेन असलेलं जॅकेट घालायचं ते यासाठी.

फोटो विकायचे असतील तर तिकिटाच्या अटी पाहा. पुष्कळदा फक्त खासगी वापराची परवानगी असते. पॅरिसच्या ल बूर्जेसारखा व्यापारी शो असेल तर पहिले दिवस फक्त व्यावसायिकांसाठी असतात. प्रवासाचं बुकिंग त्यानंतरच्या, सर्वसामान्यांसाठी खुल्या असलेल्या दिवसांचं करा.

लेन्स घेताना अंतराचा विचार न करणं

विमानं प्रेक्षकांपासून किती लांब उडवायची, हे नियमाने ठरलेलं असतं. अमेरिकेत २४५ नॉटपेक्षा (ताशी सुमारे ४५४ किमी) जास्त वेगाने कसरती करणाऱ्या विमानाला प्रेक्षकांपासून १५०० फूट, म्हणजे सुमारे ४५७ मीटर अंतर ठेवावं लागतं. एफ-१६ हे लढाऊ विमान साधारण १५ मीटर लांब आहे. तेवढ्या अंतरावरून ४०० मिमी लेन्सने ते सेन्सरवर जेमतेम १३ मिमी भरतं. फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची रुंदी ३६ मिमी, म्हणजे विमान चौकटीचा तिसरा हिस्सा किंवा थोडं जास्त व्यापणार. तीच लेन्स त्याहून लहान, क्रॉप सेन्सरवर लावली की निम्म्याहून अधिक चौकट भरते. म्हणून महागड्या फुल फ्रेमवर २०० मिमी लावून आलेल्यापेक्षा साध्या क्रॉप बॉडीवर १००-४०० मिमी झूम लावलेला इथे सुखी असतो. ६०० मिमीची प्राइम (झूम न होणारी लेन्स) आणणाऱ्याची अडचण वेगळीच: नऊ विमानांची रचना समोर फुटते तेव्हा त्याच्या चौकटीत एकच शेपटी उरते.

अंतराचे हे नियम उगाच आलेले नाहीत. १९८८ मध्ये जर्मनीतल्या रामश्टाइनला कसरतींच्या वेळी विमानं एकमेकांवर आदळली आणि ७० जण गेले, बहुतेक प्रेक्षकच. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या शोरहॅमला मेलेले ११ जण तर विमानतळाबाहेरच्या रस्त्यावर होते. कुंपणाबाहेर, धावपट्टीच्या तोंडाशी जाऊन ‘फुकट आणि जवळून’ टिपायचा मोह पुष्कळांना होतो. मला ते पटत नाही.

हवेत गोठलेला पंखा

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात सहज टाळता येणारी चूक ही. जेटसाठी १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान शटर ठीक. त्याच सेटिंगवर पंख्याचं विमान टिपलं की ते दोरीला टांगलेल्या खेळण्यासारखं दिसतं. हिशेब सोपा आहे. पंखा मिनिटाला २४०० फेरे घेत असेल तर सेकंदाला ४० झाले. १/२००० ला पाती जेमतेम ७ अंश सरकतात, १/१२५ ला ११५ अंश. तीन पात्यांचा पंखा असेल तर जवळपास पूर्ण चकती उमटते. हेलिकॉप्टरचा मुख्य रोटर याहून बराच सावकाश फिरतो, मिनिटाला ३०० च्या आसपास. तिथे १/१२५ लाही पातं फक्त १४ अंश हलतं, म्हणून १/६० पर्यंत उतरावं लागतं.

एवढ्या कमी वेगाला हात हलतो आणि बरेच फोटो पुसट येतात, तसं होणारच. आधी १/३२० ला काही फोटो पदरात पाडून घ्या, मग एकेक पायरी खाली या. पाय रोवून कंबरेतून वळा, शटर दाबल्यावरही वळणं थांबवू नका. लेन्सच्या स्थिरीकरणाला पॅनिंगचा, म्हणजे विमानासोबत कॅमेरा वळवत टिपण्याचा, वेगळा मोड असेल तर तो लावा. आणि शटर मेकॅनिकलच ठेवा. इलेक्ट्रॉनिक शटरवर सेन्सर ओळीओळीने वाचला जातो, त्यामुळे सावकाश वाचणाऱ्या कॅमेऱ्यांत पाती केळीसारखी वाकडी येतात.

यातून नवाच घोळ होतो. लख्ख उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि १/१२५ म्हटलं की अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, एफ/१६ इतकं बारीक करावं लागतं, आणि तिथे सेन्सरवरचा धुळीचा कण न् कण आकाशात काळा ठिपका होऊन उमटतो. दोन स्टॉपचा, म्हणजे उजेड चौथा हिस्साच आत सोडणारा, काळसर एनडी फिल्टर लावला की एफ/८ वर येता येतं. तो नसेल तर आयएसओ ६४ किंवा ५० करून पाहा. सेन्सर मात्र आदल्या दिवशीच साफ करा, मैदानातल्या वाऱ्यात नव्हे.

पोलरायझर हा फिल्टर लावून निळं आकाश गडद होतं खरं, पण दीड-दोन स्टॉप उजेड जातो आणि कॉकपिटच्या प्लास्टिक छतावर इंद्रधनुषी पट्टे दिसू लागतात.

विमान काळं, फोटो मऊ

पांढुरक्या आकाशामुळे कॅमेरा फसतो आणि विमानाची नुसती काळी आकृती उरते. एक्स्पोजर, म्हणजे फोटोचा उजळपणा, +०.७ ते +१.३ करा. विमान झाडांसमोर खाली आलं की ते परत शून्यावर आणायचं, हे मात्र हमखास विसरतं. सूर्य पाठीशी राहील अशी जागा हवी असेल तर धावपट्टीची दिशा नकाशात आधी बघून ठेवा.

दुपारी धावपट्टीवरचे फोटो मऊ, म्हणजे धूसर येत असतील तर लेन्सला दोष देऊ नका. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरते, त्यावर कुठल्याही लेन्सचा इलाज चालत नाही. धावपट्टीकडे जमिनीवरून जाणारी (टॅक्सी करणारी) विमानं सकाळीच टिपून घ्या. दुपारी कॅमेरा वर, आकाशाकडे ठेवा.

राहिलं बर्स्टचं, म्हणजे बटण दाबून धरून सलग फोटो काढण्याचं. समोरासमोरून येणारी दोन विमानं दूर असतानाच बटण दाबून धरलं तर नेमकी ती एकमेकांना ओलांडताना बफर (कॅमेऱ्याची तात्पुरती मेमरी) भरतो आणि कॅमेरा गप्प बसतो. एका विमानावर फोकस धरून त्याच्याबरोबर वळत राहा, दुसरं चौकटीच्या कडेशी आलं की मगच दाबा. कार्ड आणि बॅटरी दोन कसरतींच्या मधल्या वेळात बदला, निम्मी शिल्लक असली तरी.