आधी समुद्र, मग घाट? बेळगावकरांनो, स्कुबा करताना या चुका टाळा

रविवारी पहाटे चारला गाडी काढायची, आंबोली उतरून मालवण गाठायचं, दुपारपर्यंत स्कुबा (पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली फिरणं) उरकायचं, सुरमईची थाळी हाणायची आणि संध्याकाळी घाट चढून रात्री घरी. सोमवारी दुकान चालू. टिळकवाडीपासून खानापूरपर्यंत बहुतेकांचा हाच बेत असतो. यातली सगळ्यात मोठी चूक पाण्यात नाहीच, ती परतीच्या घाटात आहे.

दहा मीटर खोल गेलात की अंगावरचा दाब किनाऱ्यापेक्षा दुप्पट होतो. त्या दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात, स्नायूंत मुरत जातो. वर आल्यावर तो फुफ्फुसांवाटे निघून जातो खरा, पण त्याला तासच्या तास लागतात. गोटी सोड्याची गोटी दाबल्यावर काय होतं ते आठवा. दाब एकदम उतरला की बुडबुडे. आता बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटरवर, म्हणजे अडीच हजार फुटांवर. इथला हवेचा दाब मालवणपेक्षा आठ-नऊ टक्के कमी. डायव्हनंतर लगेच विमानात बसू नये हे बऱ्याच जणांनी ऐकलेलं असतं. पण डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या डायव्हरांच्या सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेचा तो सल्ला २,००० फुटांपासूनच्या उंचीला लागू होतो आणि आपलं घर त्यात बसतं! एकच साधा डायव्ह केला असेल तर निदान १२ तास थांबायचं. दिवसात दोन-तीन केले असतील किंवा सलग काही दिवस करत असाल, तर १८ तास. किनाऱ्यावरचे स्कुबावाले हे सहसा सांगत नाहीत, कारण त्यांचं घर समुद्राच्या पातळीवर आहे.

सहा-सात मीटरवरच्या वीस मिनिटांच्या हौशी डायव्हला धोका कमी, मान्य. मला काळजी वाटते ती रीतसर कोर्स करून खोल उतरणाऱ्या लायसन्सवाल्यांची. मुरुडेश्वरहून नेत्राणी बेटावर जायचं, दोन-तीन डायव्ह करायचे आणि त्याच संध्याकाळी अरबैल घाट चढून हुबळी-धारवाड करत घरी यायचं. गोव्याहून येणारे चोर्ल्यातून चढतात, तीच गत. उपाय अगदी सोपा आहे: शनिवारी डायव्ह करा, मुक्काम ठोका, रविवारी दुपारी जेवून निघा.

आणि घरी आल्यावर खांदा, कोपर किंवा गुडघा दुखायला लागला, हातापायांना मुंग्या आल्या, कातडीवर लालसर डाग उठले, कारण नसताना अंग गळून गेलं, तर ‘गाडी चालवून आखडलं असेल’ म्हणून बाम चोळत बसू नका. ही लक्षणं बहुतेक वेळा २४ तासांच्या आत दिसतात. दवाखान्यात पहिलं वाक्य ‘मी काल डायव्हिंग केलंय’ हेच असू दे, आणि ऑक्सिजन लावायची गोष्ट तिथेच काढा. नाहीतर डॉक्टर सांध्यांचा एक्स-रे काढत बसतील आणि चूक त्यांची नसेल.

आता पाण्यातलं. ‘मला पोहायला येतंय की!’ असं म्हणणारा आमचा विहिरीत शिकलेला गडी स्कुबात सगळ्यात आधी चुकतो. विहिरीने त्याला दम धरायला शिकवलेलं असतं. इथे दम धरणं हाच गुन्हा. दहा मीटरवर छातीभर घेतलेली हवा वर येईपर्यंत दुप्पट जागा मागते, आणि ती तोंडावाटे सुटली नाही तर फुफ्फुस फाटू शकतं. म्हणून श्वास सतत चालू ठेवायचा, संथ, रवंथ करणाऱ्या म्हशीसारखा.

कानाची तक्रार तर ठरलेलीच. चूक अशी, की लोक दुखायला लागल्यावर नाक दाबून जोर लावतात. तोवर उशीर झालेला असतो. पहिल्या मीटरपासूनच, दुखायच्या आधी, नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं आणि खाली जाताना ते करत राहायचं. तरी दुखलं, तर मीटरभर वर या, पुन्हा फुंका, मग सावकाश उतरा. दोनदा करून जमलं नाही तर त्या दिवशी डायव्ह नाही. आपल्याकडे पावसाळा सरल्यावरही सर्दी लांबते. ती दाबायला गोळी घेऊन उतरू नका, गोळीचा असर खालीच ओसरला तर वर येताना पंचाईत.

माझ्या पहिल्या डायव्हची फजिती सांगतो. खाली रंगीत मासे बघून मी खुशीत अंगठा वर केला. इन्स्ट्रक्टरने मला सरळ वर आणलं! पाण्याखाली अंगठा वर म्हणजे ‘वर चल’. सगळं ठीक असेल तर अंगठा आणि तर्जनीचं गोल करायचं. कान दुखतोय तर पंजा आडवा हलवून कानाकडे बोट.

मास्कमध्ये पाणी शिरतं म्हणून पट्टा आवळू नका, त्याने कडा वाकड्या होऊन जास्तच गळतं. गळतीचं खरं कारण पुष्कळदा मिशी असते. नाकाखाली बोटाच्या पेराएवढी जागा भादरा. मिशीचा अभिमान असेल तर डोळ्यांत खारं पाणी सोसा. आदल्या रात्री ‘बसायचं’ नाही, हे वेगळं सांगायला नको.

खाली जाता यावं म्हणून अंगावर बांधायची शिशाची वजनं मात्र नीट समजून घ्या. पोहण्याच्या टँकातल्या गोड्या पाण्यात सराव केलेल्याला समुद्रात तेवढं वजन पुरत नाही, कारण खारं पाणी अडीच टक्के जड. सामानासकट तुमचं वजन १०० किलो असेल तर साधारण अडीच किलो जास्त लागेल. पण घाबरून ढीगभर बांधणारे त्याहून वाईट. ते तळाला घासत जातात, फिन्स (पायात घालायचे वल्ह्यासारखे पंख) आपटतात, आणि खाली असतं प्रवाळ.

ते दगडासारखं दिसतं म्हणून लोक त्यावर उभे राहतात, फोटोसाठी धरतात. पण तो जिवंत असतो, आणि गोलसर गोळ्यासारखा प्रवाळ वर्षाला चहूबाजूंनी जेमतेम सेंटिमीटरभर वाढतो. फुटबॉलएवढा गोळा म्हणजे दहा-बारा वर्षांची कमाई, एका लाथेत गेली. हात छातीशी बांधून ठेवा. माशांना ब्रेड घालायला कुणी दिला तर नको म्हणा. सनस्क्रीनपेक्षा लांब बाह्यांचा टी-शर्ट घाला. ऑक्सिबेन्झोन हे रसायन असलेल्या सनस्क्रीनची विक्री हवाईने २०२१ पासून बंद केली आहे ती प्रवाळापायीच.

सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र हे मालवण सागरी अभयारण्य आहे, १९८७ पासून, २९ चौरस किलोमीटरचं. तरी कुणाच्या तरी शोकेसमध्ये पांढरा प्रवाळ दिसतोच, ‘किनाऱ्यावर पडला होता’ म्हणत. प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, वाघाच्या शेजारी. मेलेला तुकडासुद्धा बाळगता येत नाही. मालवणहून काही आणायचंच असेल तर खाजं आणा, ते कुठल्याच अनुसूचीत नाही.