डिस्टोपियन सिनेमाचं बरंवाईट कसं शोधायचं, 'चिल्ड्रन ऑफ मेन' समोर ठेवून

डिस्टोपियन, म्हणजे बिघडलेलं भयाण भविष्य दाखवणाऱ्या, सिनेमावर लिहायला बसलं की बहुतेकांचं गाडं दोनच वाक्यांवर अडतं, एक म्हणजे "काय भयानक भविष्य दाखवलंय" आणि दुसरं "बघा सगळं खरं होत चाललंय". दोन्हीतून सिनेमा चांगला का वाईट ते कळतच नाही, कारण अंदाज बरोबर ठरणं हा ज्योतिषाचा गुण झाला, दिग्दर्शकाचा नाही. मी बऱ्याच वर्षांत स्वतःपुरती एक पद्धत बसवलीये ती इथे सांगते आणि उदाहरणाला दिग्दर्शक अल्फोन्सो क्वारोनचा २००६ चा 'चिल्ड्रन ऑफ मेन' घेते, कारण तो मला प्रचंड आवडतो आणि आवडत्या सिनेमातले दोष काढणं हीच खरी परीक्षा असते. स्पॉइलर भरपूर आहेत, शेवटासकट, त्यामुळे बघितला नसेल तर आधी बघून या.

पहिल्यांदा बघताना वही पेन काही घेऊ नका. नुसता बघा. संपल्यावर मात्र लगेच, मोबाईल हातात घ्यायच्या आधी, त्या जगाचा नियम एका वाक्यात लिहून काढा. इथे तो असा: साल २०२७ आहे आणि गेली अठरा वर्षं जगात एकही मूल जन्मलेलं नाही. नियम एका वाक्यात बसला तर पाया पक्का आहे असं धरायला हरकत नाही. तीन-चार वाक्यं लागली, त्यातही "म्हणजे असं की" करत समजवावं लागलं, तर सिनेमा तिथेच लंगडा आहे, कारण मग अर्धा वेळ पात्रं एकमेकांना त्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टी सांगत बसतात.

दुसऱ्यांदा बघताना वही घ्या आणि मधल्या पात्रांकडे बघूच नका, त्यांच्या मागे काय चाललंय ते बघा. हा भाग मी सगळ्यात जास्त वेळ घेऊन करते कारण डिस्टोपियाची खरी ताकद तिथे असते. नियम मोठा असतो पण तो छोट्या गोष्टींत उतरलाय का ते तपासायचं. सुरुवातीलाच कॅफेत लोक टीव्हीकडे बघत उभे आहेत, जगातला सगळ्यात लहान माणूस, अठरा वर्षांचा डिएगो, मारला गेल्याची बातमी चालू आहे, आणि आपला नायक थिओ (क्लाइव्ह ओवेन) गर्दीतून वाट काढत कॉफी घेऊन बाहेर पडतो. पुढे ऑफिसात सगळे डोळे पुसतायत आणि हा त्याच बातमीचं कारण सांगून लवकर घरी जायची परवानगी मागतो. एकही भाषण न देता त्या जगाचं दुःख पण कळलं आणि ह्या माणसाचं आतून विझलेलं असणं पण कळलं! तसंच स्टेशनवर पिंजऱ्यात कोंडलेले निर्वासित बघा. कॅमेरा त्यांच्यासाठी थांबत नाही, थिओ जसा बाजूने निघून जातो तसाच तोही जातो, म्हणजे ह्या शहराला ते रोजचं झालंय. ओसाड शाळेतून एक हरीण पळत जातं. थिओचा म्हातारा मित्र जॅस्परच्या (मायकल केन) घरात भिंतीवर जुनी कात्रणं आणि फोटो आहेत, त्यावरून कॅमेरा सावकाश फिरतो आणि त्याची बायको पत्रकार होती, तिचा छळ झाला, हे आपल्याला कुणी न सांगता समजतं. वहीत अशा किमान दहा गोष्टी लिहा. दहा सापडल्या नाहीत तर तो मोठाच तोटा आहे आणि तसं सरळ लिहा.

मग बघायचं की सिनेमा कुठल्या सालच्या भीतीतून आलाय. नाव २०२७ चं असलं तरी भीती २००६ ची आहे. लंडनमध्ये ७ जुलै २००५ ला बॉम्बस्फोट झाले होते आणि वर्षभरानंतर आलेला हा सिनेमा लंडनच्या कॅफेतल्या स्फोटानेच सुरू होतो. बेक्सहिलच्या निर्वासित छावणीत बस शिरते तेव्हा खिडकीबाहेर डोक्यावर काळी पिशवी घातलेले कैदी दिसतात, ते थेट २००४ मध्ये बाहेर आलेल्या इराकमधल्या अबू घरेब तुरुंगातल्या कैद्यांच्या छळाच्या फोटोंसारखे. हे ओळखलं की कळतं की क्वारोन भविष्य रचत नाहीये, तो आजचं चित्र उचलून जवळ आणून ठेवतोय, म्हणून तर तिथे चकचकीत यंत्रं नाहीत, भिंतींना पोपडे आहेत आणि गाड्या धूळ खाल्लेल्या.

तंत्रावर लिहिताना एक सवय मोडायला हवी. कॅमेरामन इमॅन्युएल लुबेझ्कीचे लांबलचक शॉट ह्या सिनेमात फार गाजले, पण "न कापता चार मिनिटांचा सीन आहे" हे सांगून गुण सिद्ध होत नाही, तो शॉट काय करतो ते लिहावं लागतं. गाडीवरच्या हल्ल्याचा सीन घ्या. थिओ आणि त्याची आधीची बायको ज्युलियन (ज्युलिअ‍ॅन मूर) तोंडाने पिंगपाँगचा चेंडू एकमेकांकडे उडवतायत, सगळे हसतायत, आपणही त्या गाडीत पाचव्या-सहाव्या माणसासारखे बसलोय, आणि मग जळती गाडी रस्त्यात येते, मोटरसायकलवाले येतात, ज्युलियनला गोळी लागते, आणि कट नसल्यामुळे आपल्याला कुठे पळायला जागाच मिळत नाही. त्यात ज्युलिअ‍ॅन मूरएवढी मोठी नटी सिनेमाच्या पहिल्या अर्ध्यातच मेली, म्हणजे आता कुणीच सुरक्षित नाही. हा गुण. उलट शेवटच्या लढाईत लेन्सवर रक्ताचे थेंब उडतात, पुष्कळांना तेच सगळ्यात खरं वाटतं, मला मात्र तिथे काच दिसते. इतका वेळ मी थिओच्या मागे धावत होते आणि एकदम कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभी राहिले. तुमचं मत वेगळं असू शकतं, पण कारण देऊन लिहा.

आता दोष, आणि त्यासाठी तिसऱ्यांदा बघायचं. ह्या वेळी नायक सोडून, ज्याच्यासाठी सगळी धावपळ चालू आहे त्या माणसाच्या मागे जायचं. इथे ती की (क्लेअर-होप अशिटी), आफ्रिकन निर्वासित मुलगी, अठरा वर्षांत दिवस गेलेली पहिली बाई. वहीत दोन रकाने पाडा, तिने स्वतः ठरवलेल्या गोष्टी एकीकडे आणि दुसऱ्यांनी तिच्यासाठी ठरवलेल्या दुसरीकडे. पहिल्या रकान्यात गोठ्यात थिओला पोट दाखवणं येतं, त्याच्यावर विश्वास टाकणं येतं, बाळाला थिओच्या मेलेल्या मुलाचं नाव देणं येतं, आणि मग फारसं काही नाही. दुसरा रकाना भरून वाहतो. तिला काय वाटतं, ती कुठून आली, तिला हे मूल हवंय का, ह्याला सिनेमाकडे वेळच नाही. आणि इथे मूळ कादंबरी माहीत असली तर मुद्दा धारदार होतो. पी. डी. जेम्स यांच्या १९९२ च्या पुस्तकात पुरुषांचं वीर्य निकामी झालेलं असतं, सिनेमाने ते बदलून बायकांना दिवस जाणंच बंद केलं, गरोदर बाईही बदलली, म्हणजे सगळा भार मुद्दाम एका काळ्या निर्वासित मुलीच्या शरीरावर आणून ठेवला. एवढा मोठा निर्णय घेतल्यावर तिला माणूस म्हणून जास्त जागा द्यायला हवी होती, नाहीतर ती जपून पोचवायची वस्तू होते. हा मला ह्या सिनेमाचा सगळ्यात मोठा दोष वाटतो आणि दर वेळी बघताना तो जास्त बोचतो.

दोष लिहिताना न सांगितलेलं आणि न सुचलेलं यात गल्लत करू नका. वंध्यत्व का आलं हे सिनेमा सांगत नाही म्हणून नाक मुरडणारे खूप आहेत. पण थिओला ते कळून काही उपयोग नाही, त्याला फक्त एका मुलीला किनाऱ्यापर्यंत न्यायचंय, त्यामुळे माझ्या मते तो दोष नाही. ह्युमन प्रोजेक्टचं, म्हणजे वंध्यत्वावर उपाय शोधणाऱ्या शास्त्रज्ञांच्या गुप्त गटाचं, मात्र तसं नाही, सगळा उत्तरार्ध त्यांच्या 'टुमॉरो' बोटीकडे धावतो आणि ती माणसं कोण, कशी, काहीच हाताला लागत नाही. तो कच्चेपणा आहे. फिशेस ह्या बंडखोर गटाचंही तेच, सुरुवातीला त्यांच्या म्हणण्यात तथ्य असतं, नंतर ते नुसते पाठलाग करणारे होतात, आणि त्यांचा कट थिओला रात्री खिडकीआडून नेमका ऐकू येतो हे जरा फारच सोयीचं आहे.

लिहिताना गुण पाच आणि दोष पाच असा हिशोब जुळवू नका, जिथे जास्त आहे तिथे जास्त लिहा. आणि शेवटाबद्दल लिहायच्या आधी आवाज वाढवून तो पुन्हा ऐका, पडदा काळा होतो तेव्हा मुलांचं हसणं ऐकू येतं, आणि नावं संपता संपता आपल्या ओळखीचं शांतिः शांतिः शांतिः येतं. बरेच जण तोवर बंद करून उठलेले असतात.