नोटपॅडवर पहिलं वेब पान, संत्र्याच्या बगीच्याचं

वेब पान बनवायला इंटरनेट लागत नाही. जुना कॉम्प्युटर, त्यातलं नोटपॅड आणि कोणताही ब्राउझर पुरे. फक्त लाइन कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून काम करताना मधूनमधून सेव्ह करत राहा.

एचटीएमएल म्हणजे साध्या मजकुराला लावलेल्या खुणा. टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत त्या आखल्या आणि १९९१ मध्ये वेब जगासाठी खुलं झालं. तेव्हाची साधी पानं आजच्या ब्राउझरमध्येही उघडतात, तेव्हा ही शिकवणी वाया जाणार नाही.

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीकडच्या एखाद्या संत्र्याच्या बगीच्याचं पान करू. डेस्कटॉपवर फोल्डर करा. नोटपॅडची फाइल त्यात 'इंडेक्स डॉट एचटीएमएल' या नावाने, इंग्रजी लहान अक्षरांत सेव्ह करा. सेव्ह करताना 'ऑल फाइल्स' निवडा, नाहीतर नावामागे 'डॉट टीएक्सटी' चिकटतं आणि पान ब्राउझरऐवजी नोटपॅडमध्येच उघडतं. एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं साठवायची पद्धत, यूटीएफ-८ ठेवा.

आता खुणा. प्रत्येक खूण टोकदार कंसात, इंग्रजी अक्षरांत लिहायची. हे कंस शिफ्टसोबत स्वल्पविराम आणि पूर्णविरामाच्या किल्ल्यांवर मिळतात. बहुतेक खुणा जोडीने येतात. बंद करणाऱ्या खुणेत पहिल्या कंसानंतर लगेच तिरपी रेघ असते. ती राहिली तर मथळ्याचं मोठं अक्षर खालच्या सगळ्या मजकुराला लागतं.

पहिल्या ओळीत कंस, उद्गारचिन्ह, डॉकटाइप, मोकळी जागा, एचटीएमएल, कंस. खाली एचटीएमएलची जोडी, तिच्या आत आधी हेडची जोडी (पानाविषयीची माहिती), मग बॉडीची (पानावर दिसणारा मजकूर).

हेडमध्ये मराठी माणसाने एक ओळ कधीच गाळू नये. मेटा, मोकळी जागा, सी-एच-ए-आर-एस-ई-टी, बरोबरचं चिन्ह आणि अवतरणात यूटीएफ-८. हिला बंद करणारी जोडी नसते. ही ओळ नसली तर 'संत्रा' लिहिलेलं ब्राउझरमध्ये अगम्य चिन्हांची रांग होऊन दिसू शकतं, आणि मग माणूस उगाच फॉन्टला दोष देत बसतो. तिच्याखाली टायटलच्या जोडीत पानाचं नाव लिहा.

बॉडीत एच-वनच्या (एच आणि इंग्रजी एक आकडा) म्हणजे मथळ्याच्या जोडीत बगीच्याचं नाव, पीच्या जोडीत परिच्छेद. कोणता बहार (फुलोऱ्याचा हंगाम) धरलाय, आंबिया की मृग, आणि माल कधी निघेल, हे आधी सांगा. व्यापारी तेच विचारतो. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेही लिहायला हरकत नाही.

फोटो त्याच फोल्डरमध्ये ठेवा. आयएमजी खुणेत एसआरसीपुढे फाइलचं नाव आणि एएलटीपुढे फोटोचं वर्णन द्या, दोन्हीकडे बरोबरचं चिन्ह आणि अवतरण घालून. फाइलचं नाव लहान अक्षरांत, मोकळ्या जागेशिवाय असावं. विंडोज लहान-मोठं अक्षर चालवून घेतं, पण बहुतेक सर्व्हर, म्हणजे नेटवर पानं ठेवणारे कॉम्प्युटर, नाही.

फाइलवर डबल क्लिक केलं की पान ब्राउझरमध्ये दिसेल. बदल केला की कंट्रोल-एस, मग ब्राउझरमध्ये एफ-५.

लोकांना दाखवायचं तेव्हा मात्र नेट हवं. गिटहब पेजेस या नेटवर पानं ठेवणाऱ्या सेवेवर फोल्डर फुकट चढवता येतो. चढवलं की पान कोणालाही दिसतं, म्हणून घरच्यांचे नंबर त्यात ठेवू नका, विक्रीसाठीचाच द्या.