यहुदी धर्माचा अभ्यास कोठून सुरू करावा

यहुदी धर्माच्या अभ्यासाला बसलो तेव्हा मी पहिल्यांदा श्रद्धांची यादी शोधली, आणि ती चूक होती. बाराव्या शतकातील यहुदी तत्त्वज्ञ मैमोनिडीजने मांडलेली तेरा तत्त्वे मी पाठही केली: ईश्वर एक आहे, निराकार आहे, मोशेसारखा संदेष्टा दुसरा नाही, मसीहा (उद्धारकर्ता) येणार आहे, इत्यादी. दर्शनांची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही मांडणी ओळखीची वाटते आणि तेथेच त्याची फसगत होते. कारण या यादीवर खुद्द यहुदी पंडितांनीच पुढे वाद घातले, आणि दहा आज्ञांचा आरंभ तर ‘मी विश्व निर्मिले’ असा होतच नाही. ‘तुला मिसर (इजिप्त) देशातून, दास्यगृहातून बाहेर आणणारा तो मी’, अशी परमेश्वर स्वतःची ओळख करून देतो.

म्हणून नवागताने आधी तोरातील (मोशेच्या पाच ग्रंथांतील) शेवटच्या ‘अनुवाद’ या ग्रंथाचा सव्विसावा अध्याय वाचावा. शेतकरी प्रथमफळांची टोपली याजकाच्या हाती देतो, पण स्तोत्र म्हणत नाही. भटक्या पूर्वजाची हकीकत सांगतो. ‘तो मिसरात गेला’ असे म्हणता म्हणता पुढच्याच वाक्यात ‘मिसऱ्यांनी आम्हांला छळले’ असे तो म्हणतो. ‘तो’चा ‘आम्ही’ होतो, तो क्षण मला शेकडो पानांच्या भाष्यापेक्षा अधिक शिकवून गेला. वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरातील सुटकेच्या सणाच्या, रात्री वाचल्या जाणाऱ्या हगादा या पोथीत हाच उतारा येतो, आणि मिसरावर आलेल्या दहा पीडांची नावे घेताना प्रत्येक नावागणिक प्याल्यातील द्राक्षारसाचा एकेक थेंब काढला जातो.

येथे एक सावधगिरी बाळगावी. निर्गमाचा, म्हणजे मिसरातून बाहेर पडण्याचा, थेट पुरातत्त्वीय पुरावा मिळालेला नाही. तो प्रश्न स्वतंत्र ठेवावा, कारण स्मरणाचे विधी त्या उत्तराची वाट पाहत थांबलेले नाहीत. याउलट इ.स. 70 मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर पाडले, हे निर्विवाद आहे. त्यानंतर यज्ञ थांबले आणि प्रार्थना व अध्ययन यांना मध्यवर्ती स्थान आले.

मराठी अभ्यासकाला यासाठी फार दूर जावे लागत नाही. हिब्रूसह मराठी भाषांतर असलेला हगादा 1874 मध्ये पुण्यात छापला गेला. जेरुसलेमच्या पहिल्या आणि या दुसऱ्या अशा दोन्ही मंदिरांच्या विध्वंसाचा शोक यहुदी पंचांगातील ज्या अव महिन्याच्या नवमीला पाळला जातो, तिला कोकणातील बेने इस्राएली (मराठी बोलणारे यहुदी) ‘बिरड्याचा सण’ म्हणत, कारण त्या दिवशी पानात वालाचे बिरडे असे.