काँटेसा डिझेल घेताय? ‘फुल इंजिन केलंय’ या वाक्यावर थांबू नका

हिंदुस्तान मोटर्सची काँटेसा म्हटलं की बहुतेकांना 1.8 लिटरची पेट्रोल गाडी आठवते. इसुझूचं 1995 सीसी डिझेल इंजिन असलेली काँटेसा क्वचितच विकायला येते, आणि आली की तिचं इंजिन एकदा तरी उघडलेलं असतंच. विकणारा म्हणतो, ‘फुल इंजिन केलंय’, म्हणजे इंजिन पूर्ण उघडून दुरुस्त केलंय. काय केलं, सिलिंडर आणि क्रँक घासून कोणत्या साइजवर आणले आणि पुढच्या कामाला घासण्याइतका साइज शिल्लक आहे का, हे कळेपर्यंत पैशांचं बोलू नये.

पहिल्यांदा जायचं ते सकाळी. गाडी सुरू करून ठेवू नका, असं आदल्या दिवशीच सांगा. पोचल्यावर बॉनेट उघडून रेडिएटरवर आणि ब्लॉकवर तळहात ठेवा. कोमट लागलं, तर दुसऱ्या दिवशी या. मी एकदा दुपारी गरम इंजिन ऐकून गाडी घेतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पाच वेळा सेल्फ मारावा लागला, तेव्हा कुठे ती उठली.

हीटर प्लगला (थंड इंजिन सुरू होण्यासाठी सिलिंडर तापवणारा प्लग) वेळ द्या, मग सेल्फ मारा. सुरुवातीचा पांढरा धूर थोड्या वेळात विरला पाहिजे. तो रेंगाळला, तर कॉम्प्रेशन, टायमिंग किंवा हीटर प्लग यांपैकी कुठेतरी दोष आहे. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. रेस दिल्यावर भरपूर काळा आला, तर पंप, नोझल आणि एअर फिल्टर बघायला हवा.

इंजिन तापलं की ऑइल भरायचं झाकण सोडवून तोंडावरच उलटं ठेवा. जरा थरथरलं तर चालेल. उडून पडायला लागलं, तर बॅक कॉम्प्रेशन आहे, म्हणजे सिलिंडरमधला दाब पिस्टनच्या कडेने खाली निसटतोय. पिस्टनच्या रिंगा नीट बसलेल्या नाहीत किंवा बोअर (सिलिंडरची आतली बाजू) झिजलाय. शंका राहिली, तर डिझेल इंजिनाच्या कॉम्प्रेशन गेजने चारही सिलिंडरांचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकड्यापेक्षाही चौघांतला फरक महत्त्वाचा. एकच सिलिंडर 4-5 बारने मागे असेल, तर मी ती गाडी सोडतो.

आता बिलं. माझ्या मते खरी परीक्षा इथेच होते. बोअरिंगवाल्याचं बिल मागा, कारण बोअर आणि क्रँकचा (पिस्टनच्या जोराने फिरणारा मुख्य दांडा) साइज त्यावर लिहिलेला असतो. मूळ बोअर 84 मिमी. क्रँकच्या बेअरिंगला बाजारात ‘दहा’, ‘वीस’ म्हणतात, म्हणजे क्रँक मूळ मापापेक्षा साधारण 0.25 आणि 0.50 मिमी बारीक झालेला. प्रत्येक ग्राइंडिंगला क्रँक बारीक होतो. शेवटच्या साइजवर आलेला क्रँक पुढच्या वेळी भंगारातच. बिल नसेल, तर काढलेले जुने बेअरिंग शेल (बेअरिंगच्या अर्धगोल पट्ट्या) मागा. जपून काम करणारे मिस्त्री ते मालकाला परत देतात. शेलच्या पाठीवर साइज कोरलेला असतो. त्यावर ‘एसटीडी’ (स्टँडर्ड, म्हणजे मूळ माप) दिसलं, तर क्रँकला त्याआधी हात लागला नव्हता असं धरायला हरकत नाही. नव्या शेलचा खोकाही चालतो.

हेडला फेस मारलाय का (खालची बाजू घासून सपाट केली का), तडा तपासायला प्रेशर टेस्ट केली का, हेही विचारा. टायमिंग बेल्ट कधी बदलला, त्याची तारीख आणि किलोमीटर लेखी हवेत. चालू इंजिनात बेल्ट तुटला, तर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि केलेलं सगळं काम पाण्यात जातं.

ब्लॉकवरचा इंजिन नंबर आरसीशी अक्षरन् अक्षर जुळवा. ब्लॉक बदलला असेल, तर मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 प्रमाणे त्याची नोंद आरसीवर असायला हवी. पंधरा वर्षांनंतरचं नूतनीकरण झालंय का, तेही बघा.

सौदा ठरवण्याआधी एक फोन जुन्या अ‍ॅम्बेसेडरचे पार्ट ठेवणाऱ्याला करा. अ‍ॅम्बेसेडर 2000 डीएसझेडमध्ये हेच इंजिन होतं. बिलावरच्या साइजचे पिस्टन, रिंगा आणि पुढच्या साइजचे शेल मिळतात का, एवढं विचारा. ‘बघून सांगतो’ म्हणाला, तर त्याचा उलट फोन येईपर्यंत टोकन देऊ नका.